मेण आणि ज्योत यांच्यामधे पाणी पाहिजेच

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एक रील टाकलं, दिवाळीसाठी घरच्या घरी मेणबत्त्या, १० मिनिटांत तयार वगैरे. त्यात एक मुलगी गॅसवर नॉनस्टिक पॅन ठेवते, त्यात मेणाचे तुकडे टाकते, गॅस चांगला मोठा, आणि एका हाताने मोबाईल धरून दुसऱ्या हाताने ढवळत असते, ओढणी गळ्यात तशीच लोंबतेय. माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला. आणि खाली सगळ्या जणींचे मेसेज, मस्तच, उद्याच करून बघते, मुलांना पण मजा येईल. मी तिथे उत्तर लिहायला घेतलं पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच नीट लिहावं आणि लिंक टाकावी, कारण हा विषय दोन ओळींत सांगून सोडायचा नाहीये.

मी गेली काही वर्षं घरी मेणबत्त्या करते. थोड्या विकते, बऱ्याचशा वाटते. आणि त्या रीलमधली मुलगी जे करत होती ना, नेमकं तेच मी २०१८ च्या दिवाळीत केलं होतं.

तेव्हा पहिल्यांदाच हौसेने मेण आणलं होतं. दुकानात १ किलोची पॅराफिनची लादी मिळाली, वाती मिळाल्या, साचे मिळाले, पण वितळवायचं कसं हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं पण नाही. मला वाटलं तूप कढवतो तसंच असणार. जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं, गॅसवर ठेवलं, आच अगदी बारीक केली, आणि मेण छान विरघळायला लागलं. तेवढ्यात बेल वाजली, कुरिअरवाला, त्याला ओटीपी पाहिजे, ओटीपी यांच्या मोबाईलवर, हे ऑफिसमध्ये, मग फोन करा, असं करता करता किती वेळ गेला मला आजही सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. आत आले तर पातेल्यातून पांढरट धूर निघत होता. मेण मात्र अगदी शांत होतं, पाण्यासारखं नितळ, एक बुडबुडा नाही. मी पातेलं उतरवायला फडकं शोधतेय तेवढ्यात भप्प करून वरचा सगळा भाग पेटला आणि ज्वाळा वरच्या कपाटाच्या कडेपर्यंत गेली.

आमच्या जाऊबाई तेव्हा फराळ करायला आलेल्या. त्यांनी धावत जाऊन माठातलं तांब्याभर पाणी घेतलं. कोणीही तेच करेल. आणि हॉलमधून आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, इतक्या जोरात ओरडले, "पाणी नको! पाणी टाकू नका!" की त्या जागच्या जागी थांबल्या. बाबांची सगळी नोकरी केमिकल प्लांटमध्ये गेली, दरवर्षी फायर ड्रिल व्हायचं त्यांचं. ते आत आले, आधी गॅसचं बटण बंद केलं, मग भाकरीचा मोठा लोखंडी तवा दांड्याने धरून बाजूने सरकवत पातेल्यावर झाकला, वरून आपटला नाही. आग लगेच कोंडली. मग कोणालाही हात लावू दिला नाही, अर्धा तास आम्ही सगळे नुसते बघत उभे. तो तवा लगेच उचलला असता तर हवा मिळून पुन्हा पेटलं असतं हे मला नंतर कळलं. छतावर जो काळा डाग पडला तो दोनदा रंग दिला तरी अजून फिका दिसतो.

आता तांब्याभर पाण्याने काय झालं असतं ते सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी टाकलं की ते खाली बुडी मारतं. खाली मेण २०० डिग्रीच्या पुढे तापलेलं, त्यामुळे पाण्याची क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा घेते. ती वाफ वर येताना जळतं मेण बारीक बारीक थेंबांत उडवते आणि त्या प्रत्येक थेंबाला हवा मिळते. म्हणजे आगीचा लोळच. छतापर्यंत आणि तांब्या धरणाऱ्या माणसाच्या तोंडावर. जाऊबाई अगदी समोर उभ्या होत्या. मी त्या गोष्टीचा विचार करते तेव्हा मला अजून कसंतरी होतं.

मेण इतकं फसवं का आहे ते पण समजून घ्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या बाकी सगळ्या गोष्टी सांगून करतात. दूध उतू जायच्या आधी वर येतं, पाणी खळखळतं, फोडणीचं तेल जास्त तापलं की नाकाला कळतं. मेण काहीच सांगत नाही. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५८ ते ६० डिग्रीला वितळतं, सोया मेण ४५ ते ५५ च्या दरम्यान, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ ला. एकदा वितळलं की तिथून पुढे त्याचं तापमान चढतच राहतं आणि बघणाऱ्याला ६५ डिग्रीचं मेण आणि १६५ डिग्रीचं मेण सारखंच दिसतं. धूर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. साधारण २०० च्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते, आणि आपण पुऱ्या तळतो ते तेल १८० च्या आसपास असतं, म्हणजे गॅसवरच्या भांड्यासाठी २०० ही काही फार लांबची गोष्ट नाही. मेणबत्ती जळते म्हणजे तरी काय होतं, वातीतून वर चढलेल्या मेणाची वाफ जळते. पातेल्यात तेच होतं, फक्त तिथे वातीच्या जागी अख्खं पातेलं असतं.

म्हणून नियम एकच, मेणाचं भांडं थेट आचेवर कधीच नाही. मधे पाणी पाहिजे. पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि उघड्या भांड्यात त्याच्या वर जात नाही, त्यामुळे पाण्यात ठेवलेलं मेण पण १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, तुम्ही कुरिअरवाल्याशी कितीही बोलत बसा. अर्थात पाणी आहे तोपर्यंत.

गंमत म्हणजे ही गोष्ट माझ्या आजीला माहीत होती. आजी कपाळाला आधी मेण लावायची आणि त्यावर पिंजर. तिच्या करंड्यात मेणाची छोटी डबी असायची, बोटाने जरा चोळलं की ते मऊ व्हायचं. ते मेण ती घरीच करायची, मधमाशीचं मेण आणि खोबरेल तेल वाटीत घ्यायचं आणि ती वाटी बंबातल्या कढत पाण्यात धरून ठेवायची. चूल पेटलेली बाजूलाच असायची पण वाटी कधी चुलीवर ठेवली नाही. मेणाला विस्तव दाखवायचा नाही, म्हणायची. मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेलं वाक्य, आणि नेमकं लागलं तेव्हा आठवलं नाही.

आता मी कसं करते ते सांगते. सगळ्यात साधी पद्धत, एक रुंद पातेलं घ्यायचं, त्यात तळाला कुकरमधली जाळी ठेवायची, नसेल तर एखादी जाड स्टीलची ताटली उपडी, म्हणजे आतलं भांडं तळाला टेकत नाही. टेकलं तर तळाची उष्णता सरळ मेणाच्या भांड्याला लागते आणि खालून उकळी फुटली की भांडं नाचायला लागतं. मग पाणी घालायचं, आतल्या भांड्याच्या मेणाच्या पातळीइतकं, पण उकळल्यावर उडून आत पडेल इतकं नाही. आत उभट स्टीलचं भांडं, मी जुनी चहाची किटली वापरते कारण तिला तोटी आहे आणि वर धरायला कडी आहे, ओतताना फार सोपं जातं. मेण किसून किंवा सुरीने छोटे तुकडे करून, पाऊण भांड्याच्या वर भरायचं नाही कारण वितळल्यावर ते फुगतं. आच मध्यम, पाणी नुसतं लहान लहान बुडबुडे देत राहिलं तरी पुरे. आणि पाणी कमी होतंय का बघत राहायचं, कमी झालं तर गरम पाणी कडेने हळू घालायचं. किटलीच्या आत पाण्याचा थेंबही जाता कामा नये, आत गेलेलं पाणी तळाशी बसतं आणि नंतर तीच मेणबत्ती जळताना तडतडते, वात विझते.

पण माझी सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे दुधाचा कुकर. तोच, दुहेरी भिंतीचा, शिट्टीवाला, जो लग्नात दोन दोन येतात आणि माळ्यावर पडून असतात. दोन भिंतींच्या मधे पाणी, आत दूध, खालून आच, म्हणजे हे तयार डबल बॉयलरच झालं. नळीतून पाणी भरायचं, कंपनीने सांगितलंय तेवढंच, शिट्टी लावायची, आत मेण, गॅस बारीक. पाणी उकळलं की शिट्टी बारीक वाजत राहते, तोपर्यंत मेण बहुतेक वितळलेलं असतं, मग गॅस बंद करायचा आणि उरलेले खडे आतल्या उष्णतेवरच विरघळतात. हे मला का आवडतं तर जे मेण कधी सांगत नाही ते इथे शिट्टी सांगते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. गॅस चालू असताना शिट्टी वाजायची थांबली तर पाणी संपलंय असं समजून लगेच गॅस बंद, आणि थंड झाल्याशिवाय पाणी भरायला जाऊ नका. आणि तो कुकर उचलून ओतायचा नाही, भिंतीत कढत पाणी असतं, तो जड असतो आणि तिरका केला की नळीतून गरम पाणी हातावर येतं. मी कोरड्या ओगराळ्याने किटलीत काढून घेते. कोरड्या म्हणजे पुसून पुसून कोरड्या. आणि हो, मेणाला वापरलेला कुकर परत दुधाला नाही, त्याला मी लाल नेलपॉलिशने खूण करून ठेवलीय.

इंडक्शन चालेल का असं बऱ्याच जणी विचारतात. उघडी ज्योत नाही म्हणून जास्त बरं, पण त्यावर पण पाण्याचं पातेलंच ठेवायचं. इंडक्शन तळ फार पटकन तापवतं, मेणाचं भांडं थेट ठेवलं तर वरचं मेण घट्ट आणि खालचं कुठच्या कुठे गेलेलं असं होतं. पार्लरमधला वॅक्स हीटर थोड्या मेणाला मी वापरून बघितलाय, थर्मोस्टॅट नीट चालत असेल तर चांगला आहे, पण स्वस्तातल्यांच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटर घालून एकदा तपासा किती डिग्रीला बंद होतो. मायक्रोवेव्ह नको. पॅराफिन मायक्रोवेव्हमध्ये स्वतः फारसं तापतच नाही, भांडं तापतं आणि मग त्यातून मेण, कुठे कच्चं कुठे उकळतं, आणि काचेचं भांडं बाहेर काढताना हातात तडकलं तर काय. झाकण लावलेल्या प्रेशर कुकरमध्ये तर मुळीच नाही, आत १२० डिग्रीपर्यंत जातं आणि मेण उडून शिट्टीच्या भोकात जाऊन बसलं तर वाफ जाणार कुठून.

थर्मामीटरवर मात्र खर्च करा. सळईवाला, किचनचा, डिजिटल. बंदुकीसारखा लांबून धरायचा मिळतो तो फक्त वरचा थर मोजतो, सळईवाला आतपर्यंत जातो. मी पॅराफिन ७५ ते ८० पर्यंत नेते आणि गॅस बंद करते, मग सुगंध घालते, मग ६५ ते ७० ला ओतते. मधमाशीचं मेण ८५ च्या पुढे नेलं तर रंग बिघडतो आणि तो मधाचा मंद वास जातो, आणि ते इतकं महाग असतं की जीव हळहळतो. महाबळेश्वरला गेलात तर मधाच्या दुकानांत विचारून बघा, तिथल्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या भागात मधमाशीपालन पूर्वीपासूनचं आहे.

सुगंधाचं एक सांगायचंच आहे. मेणबत्तीसाठी मिळतात तीच तेलं वापरा, आणि घालताना गॅस बंद असू दे. अंगाला लावायचा परफ्यूम किंवा डिओ गरम मेणात ओतू नका, त्यात अल्कोहोल असतं, गरम मेणात ते लगेच वाफ होऊन वर येतं आणि बाजूच्या शेगडीवर कशाचीही ज्योत असेल तर ती वाफ पेटते. आणि कापूर. डास जातात म्हणून मेणात कापूर वितळवायचे व्हिडिओ खूप फिरतात. कापूर आपण आरतीला लावतो तो पटकन पेटतो म्हणूनच ना, मेण वितळतं त्याच तापमानाच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. मेणाच्या भांड्यात कापूर टाकून खाली गॅस चालू ठेवणं म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणं आहे. कापूर हवाच असेल तर तो वेगळा, आरतीच्या ताटात.

पणत्यांचं पण. तेलाच्या पणत्या आपण आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालतो म्हणजे तेल कमी पितात, हे सगळ्यांच्या हाताला इतकं सवयीचं असतं की मेणाच्या पणत्या करतानाही भिजवून घेतात. मेणासाठी पणती खडखडीत कोरडी पाहिजे. मी दोन दिवस उन्हात ठेवते. ओलसर मातीत गरम मेण ओतलं की बारीक बुडबुडे येत राहतात, मेण मातीला धरत नाही आणि जळताना तडतड उडतं. शिवाय कच्ची माती मेण शोषते, म्हणून आतून मेणबत्तीसाठी चालणारा सीलरचा हात दिलेल्या पणत्या घ्या, किंवा आत बसेल अशी छोटी पत्र्याची वाटी ठेवा. काचेच्या ग्लासात करणार असाल तर ग्लास जाड हवा आणि ओतायच्या आधी जरा कोमट करून घ्यायचा. पातळ शोभेचे ग्लास तडकतात, माझे तीन तडकलेत.

काम करताना अंगावर कॉटनच घाला. नायलॉनचा गाऊन, ओढणी, मोकळे केस, काही नको. ओट्यावरचं तेल, रद्दी, प्लास्टिकच्या पिशव्या बाजूला करा. एका वेळी एकच काम, मेण चालू असताना बाजूच्या शेगडीवर कुकर लावायचा नाही. मुलांना मजा येईल हे खरंय, माझ्या मुलीला पण येते, पण तिचं काम वाती कापणं आणि थंड झालेल्या मेणबत्त्या साच्यातून काढणं, गॅस बंद होईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि बेल वाजली तर आधी गॅस बंद, मग दार. २०१८ पासून आमच्याकडे हे असंच आहे.

हातावर मेण सांडलंच तर लगेच नळाखाली धरा, साधं वाहतं पाणी, २० मिनिटं पूर्ण. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. बांगड्या अंगठ्या आधी काढा कारण सूज येते. मेण कातडीला चिकटलं असेल आणि ओढून निघत नसेल तर ओढू नका, कातडी निघून येते, डॉक्टरांना काढू दे. चेहऱ्यावर, मोठ्या जागेवर, किंवा लहान मुलाला भाजलं असेल तर घरी वाट बघायची नाही.

आणि पेटलंच तर गॅस बंद, सपाट धातूचं झाकण किंवा तवा बाजूने सरकवायचा, भांडं हलवायचं नाही, पाणी नाही. झाकण मी मेणाच्या शेजारी आधीच काढून ठेवते, मग शोधाशोध होत नाही. दरवाज्याजवळ एक छोटं एबीसी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर लावलंय, गॅसच्या वर नाही, कारण तिथे लावलं तर ते घ्यायला आगीवरून हात न्यावा लागेल. आवाक्याबाहेर गेलं की बाहेर पडून १०१ किंवा ११२.

मी चिंचवडला राहते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जवळच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायका गेल्या. त्या आठवड्यात आईचा रोज फोन, बंद कर ते मेणबत्त्यांचं. तिला समजावलं की तिथे ठिणग्यांची दारू होती, साधं मेण नव्हतं. पण त्या बायकांचा विचार कितीतरी दिवस मनातून जात नव्हता, त्या पोटासाठी काम करत होत्या. त्या प्रकारच्या मेणबत्त्या घरी करायच्या कशा असं मला एकीने विचारलं होतं, तिला मी नाही म्हणून सांगितलं, आणि इथेही तेच सांगते, ते घरात करायचं कामच नाही.

शेवटचं, आवरायचं. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाईपमध्ये जाऊन घट्ट होतं आणि मग प्लंबर. किटली गरम असतानाच जुन्या पेपरने आतून पुसून घ्यायची आणि तो पेपर सुक्या कचऱ्यात, थंड झाल्यावर. खालच्या पातेल्यातलं पाणी पण लगेच ओतू नका, गार होऊ दे, वर मेणाची पातळ साय धरते, दुधावर धरते ना तशीच, ती चमच्याने उचलून डब्यात ठेवायची. माझ्याकडे असा एक डबा भरत आलाय, या रविवारी खालच्या मजल्यावरच्या अनुभव नसलेल्या दोघीजणी येणार आहेत, त्यांना पहिलं मेण त्याच डब्यातलं देणार आहे, दुधाच्या कुकरमधे.